होडी पाहावी सजवून

मांडवा म्हटलं की आपल्या पिढीला आधी आठवतो तो विजय दीनानाथ चौहान. १९९० चा 'अग्निपथ' घ्या नाहीतर २०१२ चा, या गावाचं नाव दोन्ही सिनेमांनी आपल्या डोक्यात फिट्ट बसवलंय. गंमत म्हणजे २०१२ च्या सिनेमातलं मांडवा शूट झालं दीवला! खरंखुरं मांडवा आहे ते मुंबईच्या समोर, रायगड जिल्ह्यात. रस्त्याने जायचं तर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि गेटवेवरून बोट पकडली तर तासाभराचं काम. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, मग तर काय, गाडीसकट मांडवा. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद, शनिवारी सकाळी शहाळं हातात.

आता होतं काय, की महिन्यातून दोनदा समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला कधी ना कधी किडा चावतोच. जेट्टीच्या एका बाजूला कोट्यधीशांच्या पांढऱ्याशुभ्र स्पीडबोटी, दुसरीकडे बोडणी-रेवसच्या कोळ्यांच्या रंगीत होड्या आणि मधे उभे आपण, पाठीला सॅक आणि खिशात परतीचं तिकीट. स्पीडबोट या जन्मी शक्य नाही, इएमआय आधीच दोन चालू आहेत. पण एखादी छोटीशी, सेकंडहॅण्ड, पत्र्याची होडी? ती घ्यायची, स्वत:च्या हातांनी सजवायची, रविवारी पहाटे गळ टाकून बसायचं आणि जिताडा लागला तर फोटो थेट ऑफिसच्या ग्रुपवर. बॉसने बघितलाच पाहिजे!

यूट्यूबवर या विषयाचा नुसता महापूर आहे. अमेरिकेतला कुणीतरी टोपीवाला गृहस्थ अंगणात एक कळकट ॲल्युमिनियमची होडी आणतो आणि वीस मिनिटांत तिचं चकाचक लाऊंज करून टाकतो. गालिचा, फिरती खुर्ची, निळे एलईडी, स्पीकर, बिअरचा फ्रीज. बघता बघता आपल्यालाही वाटतं, जमेल की! जमेलही. आपल्याकडे म्हण आहे ना, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. त्यात आता तिसरी भर घालायला हरकत नाही. फक्त त्या व्हिडिओतल्या टोपीवाल्याचं पाणी तळ्याचं असतं, आणि आपलं आहे अरबी समुद्राचं. या एका फरकावर आजचा अख्खा कॉलम उभा आहे.

विमानाची चुलत बहीण

आधी थोडी खानदानाची चौकशी. पत्र्याच्या छोट्या होड्या लोकप्रिय झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेतली ग्रमन ही लढाऊ विमानं बनवणारी कंपनी. तिथले एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ साली सुट्टीवर गेले होते. जड लाकडी कनू खांद्यावर वाहून वाहून ते वैतागले. विमान ज्या पत्र्याचं बनतं त्याचीच होडी का नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं, आणि युद्ध संपताच कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू बाजारात आणल्या. म्हणूनच जुन्या पत्र्याच्या होडीला विमानासारखेच ओळीने रिव्हेट ठोकलेले दिसतात.

ॲल्युमिनियम हे पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. चौदा फुटी होडीचं नुसतं खोकं शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे चार मित्र वाळूवरून उचलून नेऊ शकतात (नंतर वडापाव द्यावा लागतो, तो खर्च वेगळा). दगडाला घासली तर पोचा येतो, सहसा फुटत नाही. आपल्या किनाऱ्यावर मात्र ती क्वचितच दिसते. इथे पूर्वीपासून लाकूड आणि आता मोठ्या प्रमाणावर फायबर. त्यामुळे पत्र्याची होडी घेतलीत तर बंदरात लोक वळून बघतील हे नक्की, पण ती दुरुस्त करणारा हात गल्लीच्या तोंडाशी मिळेलच असं नाही. फायबरवर पॅच मारणारे चिक्कार. ॲल्युमिनियमला लागतं आर्गन वेल्डिंग, आणि पातळ पत्र्यावर ते नीट करणारा कारागीर शोधावा लागतो.

घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, बूड. तळ्यातल्या होड्यांचं बूड सपाट असतं. उभ्या पाण्यात ती मस्त स्थिर वाटते, पण मांडव्याच्या खळबळत्या पाण्यात दर लाटेवर थाडकन आपटते आणि तुमचे मणके मोजून देते. नाळेकडे व्ही आकाराचं बूड असलेली होडी लाट कापत जाते. दुसरी गोष्ट पत्र्याचा ग्रेड. समुद्रासाठी ५०५२ किंवा ५०८३ असे मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू वापरतात. खिडक्यांच्या स्लायडिंगला जे सेक्शन वापरतात ते बहुधा ६०६३. आतल्या फ्रेमला तेही चालून जातं, पण बुडाला ठिगळ लावायला मात्र खिडकीवाल्याकडचा उरलेला तुकडा नको.

डाएट प्लॅन

आता मुद्द्याचं. होडी कस्टमाइझ करणं म्हणजे नव्वद टक्के वजनाचा हिशोब आणि दहा टक्के स्क्रू ड्रायव्हर. यूट्यूबवर हे कुणी सांगत नाही, कारण वजन कॅमेऱ्यात दिसत नाही.

चला, कागद-पेन घ्या. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद अशी आपली होडी. तिघे मित्र, प्रत्येकी ७५ किलो धरा (जिमचं वजन नाही, खरं वजन). झाले २२५. ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन ४० किलोच्या आसपास. साधी लेड-ॲसिड १०० अँपिअर-अवरची बॅटरी २९. पंचवीस लिटर पेट्रोल टाकीसकट २०. आता डेक करायचा म्हणून १२ एमएमच्या मरीन प्लायचे दीड शीट. आठ बाय चारचं एक शीट २४ किलोचं असतं, म्हणजे ३६. खालची ॲल्युमिनियमची फ्रेम १२. नांगर, साखळी आणि दोर ८. बर्फाचा डबा, त्यात बर्फ आणि 'इतर द्रव पदार्थ' मिळून २०. गळ, हत्यारं, लाइफ जॅकेट, सटरफटर १०. एकूण बरोब्बर ४०० किलो!

एवढ्या वजनाने होडी किती खाली बसेल? तिचा पाण्यावर टेकलेला भाग साधारण चार चौरस मीटर धरला तर दर ४० किलोला ती एक सेंटीमीटर बुडते. म्हणजे ४०० किलोला दहा सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही, बरोबर? पण हे गणित वजन सगळीकडे सारखं पसरलं तर. प्रत्यक्षात इंजिन मागे, बॅटरी मागे, पेट्रोल मागे आणि चालवणारे तुम्हीही मागे. म्हणजे ४०० पैकी १६४ किलो शेपटीलाच. लहान शाफ्टच्या इंजिनासाठी बनवलेल्या होडीत ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिथे लटकतं ती मागची उभी बाजू, बुडापासून पंधरा इंच, जेमतेम ३८ सेंटीमीटर उंच असते. मागची बाजू दबली की ती कड पाण्यापासून वीतभरच वर राहते. बाजूने एखादी प्रवासी कॅटामरान सुसाटत गेली की तिच्या मागून येणारी लाट वीतभर नक्कीच असते. तुम्ही इंजिन बंद करून, पाठ फिरवून गळ टाकत बसला आहात, आणि पाणी मागून आत येतं. एकदा आत आलेलं पाणी आणखी वजन वाढवतं, आणि पुढची लाट जास्त सहज आत येते. पुढचं सांगायला नको.

तेव्हा उपाय काय? वजन पुढे-मागे वाटा. बॅटरी मधल्या किंवा पुढच्या बाकाखाली न्या, जाड वायर टाकावी लागेल पण टाका. खिशाला परवडली तर लिथियमची बॅटरी घ्या, तितक्याच क्षमतेची साधारण बारा किलोत येते. पेट्रोलची टाकी मध्यावर. आणि डेक? हा खरा वांध्याचा विषय. उंच डेक म्हणजे त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचं सगळं वजनही उंच. होडी डुलायला लागते ती अशाने. बुडाच्या फासळ्यांवर बसणारी खालची सपाट जमीन करा, पुढे एक छोटंसं फळकुट करा, आणि बसूनच मासे पकडा. उंच प्लॅटफॉर्मवर उभं राहून गळ फेकणारा हिरो तळ्यातला आहे, त्याला तळ्यातच राहू द्या.

आमच्या ग्रुपमधल्या एका सॉफ्टवेअरवाल्याची पहिली विशलिस्ट बावीस कलमांची होती. त्यात दोन फिरत्या खुर्च्या, एक सबवूफर आणि छोटं बेसिन होतं. बेसिन! समुद्रात! मग त्याने एक्सेलमध्ये प्रत्येक वस्तूपुढे वजन आणि बुडापासूनची उंची असे दोन कॉलम टाकले आणि लिस्ट आपोआप नऊवर आली. एक्सेलचा इतका चांगला उपयोग मी आजवर कुठल्याच अप्रेझलमध्ये पाहिलेला नाही.

आणि ही अक्कल आपल्या किनाऱ्याला नवीन नाही हं. मांडव्याच्या खाली, थळच्या समोर खांदेरीचा किल्ला आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी एक. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला. पण मराठ्यांच्या छोट्या, उथळ होड्या रात्री हुलकावणी देऊन बेटावर सामान पोहोचवतच राहिल्या. मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग जमेना. हलकं असण्याचा फायदा!

गंज न दिसणारा गंज

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. अर्धं खरं आहे. हवेत आल्याआल्या त्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर तयार होतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. पण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला दुसरा धातू चिकटला की तिथे चक्क एक छोटी बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. सगळ्यात वाईट सोबत तांब्याची आणि पितळेची. वायरचा एक तुकडा किंवा खिशातून पडलेलं दहा रुपयांचं नाणं (त्याच्या पिवळ्या कडेत तांबंच जास्त असतं) बुडाच्या पाण्यात महिनोन्‌महिने पडून राहिलं तर त्याखाली पत्र्याला खड्डा पडू शकतो. दहा रुपयांत भोक!

म्हणून काही नियम पाठच करून ठेवा. पितळी स्क्रू अजिबात नकोत. साध्या लोखंडी तर नकोतच. स्टेनलेसचे बोल्ट वापरावे लागले तर त्यांच्या आणि पत्र्याच्या मध्ये नायलॉनचा वॉशर आणि भोकात मरीन सीलंट. जमेल तिथे ॲल्युमिनियमचेच रिव्हेट. पाण्याखालच्या भागाला शेवाळ-कालवं लागू नयेत म्हणून मारतात तो रंग बहुतेक वेळा तांब्याचा असतो. लाकडी आणि फायबरच्या होडीला तो चालतो, आपल्या होडीला नाही. ॲल्युमिनियमला चालणारा वेगळा येतो, तो मागा. प्लायचंही तसंच. वाळवी लागू नये म्हणून तांब्याची रसायनं मुरवलेलं लाकूड पत्र्यावर टेकवलं की खाली पत्रा झिजायला लागतो. तांब्याची रसायनं न मुरवलेलं मरीन प्लाय विचारून घ्या, सगळ्या कडांना आणि प्रत्येक भोकाला इपॉक्सी पाजा आणि प्लाय-पत्र्याच्या मध्ये रबराची पट्टी द्या.

होडी पाण्यातच बांधून ठेवणार असाल तर बुडाला झिंकचे तुकडे लावतात. झिजायचं ते झिंकने झिजावं आणि पत्रा वाचावा, अशी ही व्यवस्था. त्यामुळे त्या झिंकवर हौसेने रंग मारू नका, मारलात तर ते झिजणार नाहीत आणि पत्राच झिजेल. मॅग्नेशियमचे तुकडे मिळतात ते गोड्या पाण्यासाठी, ते इथे नकोत. आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे गोडं पाणी. दर फेरीनंतर होडी आणि इंजिन दोन्ही धुवायचं. कंटाळा आला तरी. विशेषत: कंटाळा आला तरच.

चार वीकएण्ड, चार कामं

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी रंगाचा डबा उघडू नका. क्रम महत्त्वाचा.

पहिला वीकएण्ड तपासणीचा. होडी वाळूवर किंवा जुन्या टायरांवर सगळीकडून नीट टेकवा आणि आत थोडं पाणी भरा. हो, आत! खालून जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा. बाहेरून पाणी शोधण्यापेक्षा आतून बाहेर गळणारं पाणी सापडायला सोपं. मग ट्रान्समच्या आत लाकूड असतं त्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक लोण्यात शिरल्यासारखं शिरलं तर लाकूड कुजलंय, आणि तुमचं इंजिन कुजलेल्या लाकडावर लटकणार आहे. आधी ते बदला, बाकी सगळं नंतर. बाकांच्या खाली फोम असतो तो काढून तिथे सामान ठेवायची जागा करावी, असा मोह हमखास होतो. करू नका! होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते ती त्या फोममुळे. फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर मात्र बदला. त्याजागी थर्मोकोल कोंबू नका, पेट्रोल सांडलं तर ते विरघळतं.

दुसरा वीकएण्ड सुताराचा. आधी पुठ्ठ्याचे साचे कापा, होडीत बसवून बघा आणि मगच प्लायला करवत लावा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. बुडाच्या पत्र्याला शक्यतो एकही नवं भोक पाडायचं नाही, फ्रेम फासळ्यांना आणि बाकांनाच जोडायची. जमिनीत एखादं झाकण ठेवा, खालचं पाणी दिसलं पाहिजे आणि हाताने उपसता आलं पाहिजे. गालिचा नको. तो खारं पाणी धरून ठेवतो, वास मारतो आणि पत्रा कुजवतो. पाय सरकू नये म्हणून रबराची खडबडीत मॅट पुरे. गडद रंग तर मुळीच नको. मे महिन्यातल्या दुपारी काळ्या डेकवर ऑम्लेट होईल.

तिसरा वीकएण्ड वायरमनचा. घरचं फिटिंग करणाऱ्याला पकडून आणू नका. निगेटिव्ह जोडायला होडीचा पत्रा वापरायचा नाही, मोटारसायकलमध्ये करतात तसं. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र दोन वायर. कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर वापरा, साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते. प्रत्येक लाइनला फ्यूज. पाणी उपसायचा पंप थेट बॅटरीला, फ्यूजमधून, म्हणजे बाकी सगळं बंद असलं तरी तो चालेल. आणि पंप असला तरी एक प्लास्टिकचं टमरेल दोरीने बांधून ठेवाच, त्याला फ्यूज लागत नाही. दिव्यांचं म्हणाल तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि सगळीकडून दिसेल असा पांढरा. त्या निळ्या एलईडींचं काय? त्या लग्नाच्या हॉलला द्या. रात्री समोरच्या तांडेलाला तुमची दिशा कळते ती लाल-हिरव्यावरून. निळ्या झगमगाटात त्याला काहीच कळत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. बंद डेकखाली ती साचते आणि एका ठिणगीची वाट बघत बसते. म्हणून टाकी उघड्यावर, नाहीतर हवा खेळेल अशा जागी. बॅटरी तिच्यापासून लांब, झाकणाच्या डब्यात, पट्ट्याने बांधलेली.

चौथा वीकएण्ड रंगाचा आणि चाचणीचा. ॲल्युमिनियमवर साधा ऑइलपेंट टिकत नाही. पत्रा घासायचा, लगेच एच प्रायमर, मग इपॉक्सी, मग रंग. रंग कोणताही घ्या, पण पाण्यातून उठून दिसेल असा भगवा किंवा पिवळा असेल तर शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. चाचणी आधी किनाऱ्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात. सगळं वजन चढवा, तिघांनी एकाच बाजूला सरकून बघा. ओले व्हाल तर कमरेएवढ्या पाण्यात व्हा.

पाऊणपटीचं ॲप

होडी तयार झाली, पण समुद्र अजून तयार व्हायचाय. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. म्हणजे एका मजल्याहून जास्त! पूर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाण्याची ओढ कमी. नवख्याने सुरुवात भांगाच्या दिवसांतच करावी.

वेळ काढायला ॲप आहेतच, पण आजीचं कालनिर्णय त्याहून भारी. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पूर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. साधारण सहा तासांनी ओहोटी. आता पूर्णिमेला अकरा वाजता आरामात निघालात आणि पाच वाजता परतलात तर काय होईल? पाणी गेलेलं, समोर चिखल आणि होडी त्यात रुतलेली. सूर्य मावळतोय आणि शेवटची बोट सुटतेय. वारा वेगळाच. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि सकाळचं आरशासारखं पाणी फेसाळायला लागतं. कोळी पहाटे का निघतात याचं उत्तर त्यात आहे.

पहिल्या सीझनला गेटवेकडे जायचं नावही काढू नका. मधे मुंबई आणि जेएनपीएच्या मोठ्या जहाजांचा मार्ग आहे. अवाढव्य जहाजाला तुमची चौदा फुटी होडी दिसली तरी ते तिच्यासाठी थांबू शकत नाही. हे भीती घालायला सांगत नाहीये. मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ गेटवेहून आलेली प्रवासी बोट कलंडली तेव्हा पोलिसांची गस्ती बोट जवळच होती म्हणून ऐंशीहून जास्त माणसं वाचली. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. इंजिनाची चाचणी चालू असताना नियंत्रण सुटलं, असं नौदलाने सांगितलं. प्रशिक्षित माणसांच्या हातातही यंत्र दगा देऊ शकतं. तेव्हा आपलं नवं इंजिन ट्राय करायचं तर जिथे दुसरं कुणी नाही अशाच पाण्यात. आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी असते ती मनगटाला बांधा. तुम्ही पाण्यात पडलात तर इंजिन जागीच बंद पडतं. नाहीतर होडी तुमच्याशिवाय पुढे जाईल, किंवा त्याहून वाईट, गोल फिरून तुमच्याकडेच येईल.

कागद आणि शेजारी

इंजिन लावलं म्हणजे कागद आले. प्रवासी आणि हौशी बोटींसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड, मासेमारीच्या होड्यांसाठी मत्स्यव्यवसाय विभाग. भोकं पाडायच्या आधी तिथे जाऊन विचारा, नंतर नाही. आपल्या या किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे कुणी सहज म्हणून बघत नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे अतिरेकी 'कुबेर' नावाचा मासेमारी ट्रॉलर पळवून मुंबईजवळ आले आणि छोट्या रबरी होडीतून कुलाब्याला उतरले. त्यामुळे गस्तीच्या पोलिसांनी थांबवून चौकशी केली तर तोंड वाकडं करू नका. नोंदणी आणि ओळखपत्र जवळ असलेलं बरं.

आणि शेजारी. तुमचा तो छंद, पण बोडणी-रेवसच्या माणसांचं ते पोट आहे. पाण्यावर ओळीने बोये दिसले की खाली जाळं असतं. त्यावरून इंजिन नेलंत तर तुमचा पंखा अडकेलच, पण त्यांचं हजारोंचं जाळंही फाटेल आणि त्या दिवसाचा धंदा बुडेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ म्हणून लाखो लोक दोन महिने पाण्याबाहेर राहतात. त्यात आपण 'आम्ही तर हौशी' म्हणून गळ टाकत हिंडणं शोभत नाही. शिवाय त्या दिवसांत समुद्र हौशांचे लाड करत नाही. होडी उलटी करून, ताडपत्रीखाली, सुकी ठेवा.

किनाऱ्यावर एखाद्या तांडेलकाकांशी ओळख करून घ्या. "काका, हिला पावसाळ्यात कुठे ठेवू?", "काका, आज जाऊ का?" एवढं विचारायची लाज वाटू देऊ नका. ते नाही म्हणाले तर ॲप काहीही म्हणो, जाऊ नका. चहा पाजा, त्यांच्याकडूनच मासळी विकत घ्या आणि घरी या. (ऑफिसच्या ग्रुपवर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.)

फ्रीजवर चिकटवा

• प्रत्येक नव्या वस्तूचं वजन आणि उंची लिहा. एक आत आली तर एक बाहेर.
• लाइफ जॅकेट डेकखाली नाही, अंगावर. प्रत्येकाच्या.
• तांबं, पितळ आणि सुटी नाणी होडीबाहेर.
• फोम काढू नका. काढलाच तर तसाच नवा भरा.
• टमरेल, वल्ही, नांगर, शिट्टी, टॉर्च. इंजिन कितीही नवं असो.
• घरी कुणाला तरी सांगून निघा : कुठे, किती जण, परत कधी.
• फोन वॉटरप्रूफ पिशवीत. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.

राहता राहिलं होडीचं नाव. नारळी पौर्णिमेला बंदरात रंगवून, पताका लावून उभ्या असलेल्या होड्यांची नावं वाचा. देव, आई, मुलगी, बायको. ज्यांच्यासाठी परत यायचं त्यांची नावं. तुमच्या होडीला 'सी वुल्फ' वगैरे ठेवायच्या आधी त्यावर जरा विचार करा.